करकरणाऱ्या वहाणा

एका जंगलात सगळे अनवाणी फिरत असत, आणि ही गोष्ट कुणाच्या लक्षातही आली नव्हती.

बाळांनो, चुळबुळ थांबवा आणि नीट ऐका. मी एकदाच सांगणार आहे.

त्या जंगलात ठिपकेसाहेब नावाचे एक बिबटे होते. शिकार हे त्यांचं काम. ऊन उतरलं की निघायचे, गवतातून पोट घासत जायचे आणि हरणाला कळायच्या आत काम उरकून घरी परतायचे. पावलांचा आवाज म्हणून नाही. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं होतं आणि कुणी उपाशी राहिलं नव्हतं.

एके दिवशी जंगलात मोराचं व्याख्यान झालं. मोराला स्वतःचे पाय दाखवायची लाज वाटते, त्यामुळे दुसऱ्यांच्या पायांवर तो फार अधिकाराने बोलतो.

"कामावर जाताना जुन्या काळाचा एक तरी स्पर्श अंगावर हवा," मोर म्हणाला. "पोशाख आजचा, वहाण आजोबांची. बघा, लोक कसे वळून बघतात ते!"

ठिपकेसाहेबांना आजोबा आठवले. डोळे पाणावले. आता तुम्ही विचाराल, त्यांच्या आजोबांच्या पायात काय होतं? काही नव्हतं. पाय होते. पण एकदा गळा भरून आला की असले तपशील कोण बघतो?

साहेब तडक साळिंदराच्या दुकानात गेले. साळिंदर वहाणा शिवायचा. पाठीवरचा एक काटा उपटायचा, चामड्याला भोक पाडायचं आणि वादी ओवायची. तळाच्या दोन थरांमध्ये तो कोरड्या बिया भरायचा, म्हणजे पाऊल टाकलं की वहाण करकर वाजायची. चामडं कुणाचं, हे त्या दुकानात विचारायची पद्धत नव्हती.

"आवाज जरा कमी नाही का होणार?" साहेबांनी विचारलं. काही झालं तरी शिकारी होते.

"आवाजासाठीच तर घालायची, साहेब," साळिंदर म्हणाला. "लांबूनच कळलं पाहिजे की कुणीतरी मोठं येतंय."

साहेबांनी दोन जोड घेतले. चार पायांना तेवढे लागतातच. आठवड्याभरात जंगलातल्या सगळ्या बिबट्यांनी घेतले.

आणि हरणांना खरोखरच लांबूनच कळू लागलं.

चितळांच्या कळपात पहाऱ्याचं काम सगुणा नावाची हरणी करायची. कळप चरायचा, ती टेकाडावर उभी राहून कान टवकारायची. करकर ऐकू आली की ती हाक द्यायची आणि कळप पसार. तीन महिन्यांत एकही हरीण कमी झालं नाही. पाडसं इतकी निर्धास्त झाली की बिबट्या हा एक प्रकारचा वाजणारा प्राणी आहे, असं त्यांना वाटू लागलं.

तिकडे ठिपकेसाहेबांच्या घरी चूल थंड.

"पोरं महिनाभर खेकड्यांवर आहेत," ठिपकेबाई म्हणाल्या. "त्या वहाणा काढा आता."

"अगं, पण सगळे वळून बघतात!"

"बघतात आणि पळतात."

साहेबांनी वहाणा काढल्या नाहीत. पोट खपाटीला गेलं, पण चाल मात्र मोठी रुबाबदार झाली.

मोराला एवढ्यावर थांबायचं नव्हतं. त्याने पुढचं व्याख्यान हरणांच्या कुरणात ठेवलं. तेच शब्द, तेच हातवारे, फक्त समोरची मंडळी वेगळी. हरणांनाही आपापले आजोबा आठवले. त्यातून बिबटे जे घालतात तेच आपल्याला घालायला मिळणार, या विचाराने काहींना रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी साळिंदराच्या दारात रांग लागली.

सगुणा त्याच सुमारास निवृत्त झाली. पहाऱ्याची जागा तिच्या मुलीला, केतकीला मिळाली. कळपाने सगुणाचा सत्कार केला आणि तिला करकरणाऱ्या वहाणा भेट दिल्या. तिने त्या घातल्या नाहीत. ही गोष्ट बऱ्याच जणींना लागली.

केतकीच्या कामाचा पहिला दिवस उजाडला. ती अंग चाटूनपुसून, चारही पायांत वहाणा घालून आईसमोर उभी राहिली.

"आई, कशी दिसते मी?"

"काढ त्या," सगुणा म्हणाली.

"झालं तुझं सुरू! अख्ख्या कळपात आता अनवाणी तू एकटीच आहेस."

"अगं, सगळ्यांचीच वाजायला लागली, तर बिबट्याची कुठली ते कळायचं कसं?"

"आई, हीच तर मजा आहे. त्यांच्या आणि आपल्या वहाणा आता सारख्याच. तुझ्या वेळी होतं का हे?"

सगुणाने मान खाली घालून त्या वहाणांकडे बघितलं. अंगठ्याजवळच्या चामड्यावर पांढरा ठिपका होता.

"हा मला आपल्या गोदूमावशीच्या अंगावरचा वाटतोय गं."

"तुला ना, सगळीकडे नातेवाईकच दिसतात," केतकी म्हणाली आणि करकर करत कामावर गेली.

सगुणा कळपाच्या म्होरक्याकडे धावली. म्होरक्या नव्या वहाणांत पाय आपटून बघत होता.

"सगुणाबाई, तुमच्या सेवेबद्दल आम्हाला आदरच आहे," तो म्हणाला. "पण नव्या पोरींना जरा त्यांच्या पद्धतीने काम करू द्या."

त्या दिवशी ऊन उतरताना ठिपकेसाहेब बाहेर पडले. आज शेवटचं, उद्यापासून वहाणा काढतो, असं त्यांनी बायकोला कबूल केलं होतं. कुरणाशी येऊन बघतात तर काय, सगळं कुरण करकरत होतं. साहेब आत शिरले. कुणी मान वर केली नाही. ते कळपाच्या मधून चालत गेले. एका वयस्क हरणाने तर त्यांना वाट दिली.

सगुणा ओढ्याच्या पलीकडे होती. तिने ते बघितलं आणि बेंबीच्या देठापासून हाक दिली. आयुष्यभरात तिने इतक्या मोठ्याने हाक दिली नव्हती. पण कुरणात दोनशे हरणांच्या आठशे वहाणा वाजत होत्या. टेकाडावरून केतकीला आईचं फक्त तोंड हलताना दिसलं. पुन्हा वहाणांवरूनच बोलत असेल, असं म्हणून तिने तोंड फिरवलं.

मागून करकर जवळ आली. तिच्याहून भारदस्त आवाज होता. केतकीने मागे न बघताच विचारलं, "अय्या, किती छान वाजते गं तुझी! कुठून घेतलीस?"

"साळिंदराकडून," ठिपकेसाहेब म्हणाले. ते खोटं बोलत नसत.

तात्पर्य : कामावर जाताना साहेबलोक घालतात तशीच वहाण घालावी. साहेबांशी जवळीक वाढते, आणि मागाहून तक्रार करायला आपण उरत नाही.