खालचा ट्रे

आमच्या महिला शेतकरी कंपनीच्या सोलर ड्रायरमध्ये माझ्या परवानगीशिवाय मुंगीसुद्धा शिरत नाही, असं मी सगळ्यांना छातीठोक सांगायचे. सांगायचे काय, भिंतीवर लिहूनच लावलं होतं! धानोऱ्याच्या आसपासच्या बचत गटांतल्या बायांनी मिळून ही कंपनी काढली, तेव्हा बी.एस्सी. झालेली मी एकटीच. म्हणून स्वच्छतेचं खातं माझ्याकडे आलं. केस बांधा! नखं कापा! बाहेरची कुठलीही वस्तू ड्रायरमध्ये ठेवू नका! आत वाळायचा तो फक्त आमच्या बांधांवरच्या शेवग्याचा पाला. ड्रायर सांभाळणाऱ्या सोमारीने एकदा त्यात ओली छत्री ठेवली, तर भर बैठकीत मी तिला उभं केलं होतं.

मग श्रावणाची झड लागली. माझा प्रणित नुकताच पालथा पडायला लागलेला, आणि लंगोट ओले करण्यात तर त्याने पावसाशी पैजच लावलेली! घरभर दोऱ्या. नवरा, निकेश, लंगोटांखालून वाकत वाकत जेवायला यायचा. त्यात प्रणितला एक शिंक आली. एकच! पण मला लगेच न्यूमोनिया दिसू लागला. दमट लंगोट, थंडी, छाती, गडचिरोलीचा दवाखाना... मी सगळं मनातल्या मनात पार करून आले.

सकाळीच सगळे लंगोट दोनदा उकळले आणि ड्रायरच्या सगळ्यात खालच्या, रिकाम्या ट्रेमध्ये पसरले. ढगाळ दिवशीही आत काय सुंदर ऊब असते! "पोराला पाजून येते, मग काढते," असं त्या ड्रायरलाच सांगून घरी गेले.

प्रणितने तोंड लावलं न लावलं, तोच आमच्या अध्यक्ष गोकुळाबाई दारात. "वं रीता! वरोऱ्याचे धनराजभाऊ उद्या येनार होते ना? आजच येऊन राह्यले! गाडी फाट्यावर हाय!"

धनराजभाऊ म्हणजे आमचा पहिला मोठा खरेदीदार. त्यांनी ऑर्डर दिली, तर दलाल म्हणेल त्या भावात पाला टाकून यायची वेळ संपणार होती. मी पोराला काखोटीला मारून पळाले. पोचले तर भाऊ ड्रायरपुढे उभे, आणि किल्ली सोमारीच्या हातात!

"उघडा जी," भाऊ म्हणाले.

वरचा ट्रे. हिरवागार पाला. भाऊ खूश. मधला ट्रे. भाऊ आणखी खूश.

"खालच्यात काय हाय?"

"काही नाही!" मी ओरडले. इतक्या जोरात, की त्यांनी तोच ओढला.

पांढरे, त्रिकोणी, ओळीने मांडलेले. एकावर बदकाचं पिल्लू. सोमारीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत ती छत्री लख्ख उघडलेली दिसत होती.

"हे काय जी?"

"कापड हाय," सोमारी म्हणाली. "मॅडमचा खास माल."

"उकळलेलं?"

"दोनदा!" मी म्हटलं. हे तर खरंच होतं.

भाऊंनी एक उचललं, चुरगाळलं, गालाला लावलं. गोकुळाबाईंनी डोळे मिटले. मग भाऊंनी त्याने कपाळावरचा घाम पुसला. वर मानही पुसली!

"अरे वा! लोण्यावानी मऊ! प्लास्टिकले गिऱ्हाईक कटाळलं हाय. पाला असल्या कापडाच्या पिशवीत भरून देता का?"

"नाही हो भाऊ, ते म्हणजे..."

"देतो जी!" सोमारीने मला कोपर मारलं. "पन नवं शिवून देऊ. हे वापरातलं हाय."

"वापरून पाह्यलं? मंग तर पक्कंच!"

ऑर्डर तिथल्या तिथे झाली. गाडी वळताच गोकुळाबाई भिंतीला टेकून हसत सुटल्या. "माय वं! मानई पुसली न त्यानं!"

मला वाटलं, सुटले. पण सोमारीने गरम पाण्याची बादली माझ्यापुढे आदळली, प्रणितला स्वतःच्या कडेवर घेतलं आणि भिंतीवरचे माझेच नियम मोठ्याने वाचत उभी राहिली. "घासा मॅडम! वरचे ट्रे पन घासा. माही छत्री कोरडी तरी झाली होती!"

आता बाया सुती पिशव्या शिवतात, मऊ होईपर्यंत उकळतात. पहिला माल वरोऱ्याला पोचला. परवा धनराजभाऊंचा फोन.

"मॅडम, पिशव्या झकास. पन त्या पहिल्या कापडाले एक बारीक सुगंध होता, तो याले नाई. कोनती वनस्पती होती जी ते?"

प्रणित माझ्या मांडीवर होता. मांडी हळूहळू गरम होत गेली.

"घरचीच आहे, भाऊ," मी म्हटलं. "बाराही महिने ओली असते."