स्विचला कारणे दाखवा

सोलापुरातल्या एका शासकीय कार्यालयात सोमवारी सकाळी नेटवर्क बंद पडले आणि कर्मचारीवर्ग चहाला गेला. दाखल्यांची रांग जिना उतरून रस्त्यावर पोचली. नेटवर्क सांभाळायला दाक्षायणी ही कंत्राटी मुलगी होती. संध्याकाळी अक्कलकोटला तिचा साखरपुडा होता. पण साहेबांनी लेखी बजावले, नेटवर्क सुरू झाल्याशिवाय कार्यालय सोडू नये.

दाक्षायणीला घाईच होती. सगळ्या टेबलांच्या वायरी ज्या पेटीत येतात त्या स्विचला तिने निळी कन्सोल केबल लावली, दुसरे टोक लॅपटॉपला. काळ्या पडद्यावर अक्षरे उमटली. तिने स्विच नव्याने सुरू करायचा हुकूम दिला. स्विचने अदबीने विचारले, नक्की का? खात्री असेल तर एंटर दाबा.

"थांब!" मुख्य लिपिक वैजयंतीबाई किंचाळल्या. "कंत्राटी माणसाला शासनाच्या वतीने हो म्हणता येत नाही. मागे तुझ्या जागचा चन्नप्पा हो म्हणाला होता. अजून चौकशीला येतो बिचारा."

"मग तुम्ही दाबा की, मॅडम."

"मला फक्त नाही म्हणायचे अधिकार आहेत. हो वरून येतं."

वरून साहेब आले. त्यांनी चष्मा पुसला. "प्रश्न कोणी विचारलाय?"

"स्विचनं, साहेब."

"त्याचा हुद्दा काय?"

हुद्दा कोणालाच सांगता येईना, म्हणून समिती नेमली गेली. समितीचा चहा होईपर्यंत उत्तराची वाट पाहून स्विचने पडदा मिटला. समितीने ठराव केला: यंत्राने प्रश्न मागे घेतल्याने विषय निकाली. दाक्षायणीने पुन्हा हुकूम दिला, स्विचने पुन्हा तेच विचारले. निकाली प्रश्न पुन्हा उकरणे हा शिस्तभंग ठरून स्विचला कारणे दाखवा नोटीस निघाली आणि तो ज्या कपाटात बसवला होता त्यावर रीतसर चिकटवण्यात आली.

तेवढ्यात आईचा फोन. "पाव्हणे निगालेत गं! तू हाईस कुटं?"

दाक्षायणीला रडूच फुटले. मग संतापही आला. तिने लॅपटॉपचे टेबल ओढत केबल पुरेल तितके दाराशी आणले. रांगेत पुढे महिपती होता. सकाळपासून तो साऱ्या कार्यालयाच्या नावाने शंख करत होता.

"काका, एवढं बटण दाबा. लगेच सगळं सुरू होतंय."

"मी?" महिपती दोन पावले मागे सरला. "आन् काय उडालं म्हंजे? सरकारी काम हाय. आमी न्हाय बोट लावणार!" त्याच्यामागची रांगही मागे सरली.

इतक्यात रांगेतले मोबाइल टुणटुणले. कसलासा लकी ड्रॉ होता. तुमचे फोटो, नंबर, ठावठिकाणा आम्हाला द्याल का? साऱ्या रांगेने न वाचता एका दमात 'मान्य' दाबले. पहिला अंगठा महिपतीचा.

दाक्षायणीने डोळे पुसले, एक चिठ्ठी लिहिली आणि एंटरवर चिकटवली: मोफत चादरीसाठी हे दाबा.

मग काय झाले ते सांगणे अवघड आहे. टेबल आडवे झाले, वैजयंतीबाई कपाटावर चढल्या, आणि त्या गर्दीत कोणाच्या तरी कोपराने एंटर दाबले गेले. स्विचचे हिरवे दिवे लुकलुकले. नेटवर्क आले! होकार जनतेने दिल्याचे साहेबांनी तत्काळ नोंदवले. दाक्षायणी तोवर रिक्षात बसून एसटी स्टँडच्या वाटेला लागली होती.

खिडक्या उघडल्या, पण दाखल्याला कोणी फिरकेना. सारी रांग दाराशीच चिकटून उभी, आणि महिपती साहेबांना दरडावत होता, "चादर कुटाय? डबल हाय का सिंगल?"

वाचकहो, हसा खुशाल. पण चिठ्ठी वाचताना तुमच्याही मनात महिपतीचाच प्रश्न आला होता, नक्की ना? खात्री असेल तर एंटर दाबा.