फुटायच्या आत

पाणीकाकांनी आखलेला बेत फिसकटलेला आजवर कुणी पाहिला नव्हता. ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती, कारण काका स्वतःच ती सगळ्यांना सांगत असत. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ते पर्यवेक्षक. कुठल्या गल्लीला केव्हा पाणी सोडायचं हे त्यांनी ठरवायचं आणि लोकांनी त्यावर घड्याळं लावायची. टाकीपासून निघून गावभर जाणारी ती जाडजूड लोखंडी मुख्य वाहिनी काकांच्या कारकिर्दीत एकदाही फुटली नव्हती. रस्त्यात कुणी नुसतं 'काय काका, बरं आहे ना?' म्हटलं, तरी काका वाहिनीची खुशाली सांगत.

तर अशा काकांनी या खेपेला जो बेत आखला, तो त्यांच्या आधीच्या सगळ्या बेतांचा बाप होता.

काकांची बायको शाळेत भूगोल शिकवायची. सगळं गाव तिला बाई म्हणे, म्हणून काकाही बाईच म्हणत. दरवर्षी बाई फळ्यावर ज्वालामुखी काढत. पोटातली आग, मधली नळी, वरचं तोंड आणि उतारावरून ओघळणारा लाल खडूचा लाव्हा. शेजारच्या वर्गातली मुलं तो बघायला खिडकीशी गर्दी करत. याच वर्षी पहिल्या बाकावरच्या एका चिमुरडीने विचारलं, "बाई, तुम्ही खराखुरा पाहिलाय?" बाईंनी 'नाही' म्हणून सांगितलं. संध्याकाळी जेवताना त्यांनी ती गंमत काकांना हसत हसत सांगितली आणि मग बराच वेळ ताटातलं नुसतं चिवडत बसल्या. काकांच्या ते जिव्हारी लागलं. आपण सगळ्या गावाची तहान भागवतो आणि घरच्या माणसाची ही एवढी तहान आपल्याला दिसू नये! बाई निवृत्त होतील त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना खरा ज्वालामुखी दाखवायचा, असं काकांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

बेट शोधलं तेही मोजून मापून. लहानसंच, पण त्यावर ज्वालामुखी दोन. एक कधीचा झोपी गेलेला आणि दुसरा अधूनमधून धूर सोडणारा. शुक्रवारी शाळेत निरोप समारंभ, शनिवारी सकाळची बोट. एक दिवस दोन्ही डोंगर बघायचे आणि उरलेले दिवस समुद्राकाठी लांब खुर्चीवर पाय पसरून नुसता आराम करायचा. तिकिटं समारंभातच, सगळ्यांच्या देखत बाईंच्या हातावर ठेवायची. तोवर बातमी फुटता कामा नये, एवढीच काय ती अट होती.

अडचण होती ती अक्काची. अक्का म्हणजे काकांची थोरली बहीण, त्यांच्याच घरी राहणारी. तिला बोलणं ऐकू यायचं अर्धं, पण पुढे पोचवायची ती पूर्ण. आणि काकांना तर रोज बेटावरच्या लॉजवाल्याला फोन करायचा असे. ज्वालामुखीने धूर सोडलेला त्यांना हवा होता, पण फुटलेला नको होता. फुटला की बोटी बंद. फोनवर आवाज इतका तुटक यायचा, की काकांना प्रत्येक वाक्य ओरडून म्हणावं लागे.

म्हणून त्यांनी युक्ती काढली. न्हाणीघरात शिरायचं, आतून कडी लावायची आणि बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवायचा. जन्मभर लोकांना पाणी जपून वापरायला सांगणाऱ्या माणसाने हे केलं, त्याचं फळही त्याला लगेचच मिळालं. बाहेर अक्का टॉवेल घेऊन आपली पाळी यायची वाट बघत उभी होती.

"फुगलाय म्हणता? कुठे, उजवीकडे?" आतून काकांचा आवाज आला. "आणि आत नुसती आग! नाही नाही, फुटायच्या आत उरकून घेऊ. शनिवारचं पक्कं. मग आहेच, पडून नुसता आराम. पण बाईंना शुक्रवारपर्यंत काही कळता कामा नये."

अक्काच्या हातून टॉवेल गळून पडला. उजवीकडे फुगलेलं, आत आग आणि फुटायच्या आत उरकायचं! तिच्या दिराचं अपेंडिक्स असंच फुटता फुटता वाचलं होतं. तिला आता डॉक्टरला विचारायची गरज नव्हती.

काका न्हाणीघरातून बाहेर येईपर्यंत बातमी स्वयंपाकघरात पोचली होती. बाईंनी गॅस बंद केला. आधी त्यांना रडू आलं, मग राग आला, आणि दोन्ही ओसरल्यावर नवऱ्याबद्दल असा काही अभिमान दाटून आला, की त्यांनी डोळे पुसले. माझा समारंभ नासू नये म्हणून हा माणूस इतकं सोसतोय, आणि मी रडून तो नासवू? हे शक्य नाही. त्यांनी अक्काला गप्प राहायला बजावलं, आपला जुना विद्यार्थी असलेल्या डॉक्टरला गाठलं, शनिवारसाठी एक खाट राखून ठेवायला सांगितली आणि शुक्रवारी समारंभाला रुग्णवाहिका घेऊनच ये, असंही सांगून ठेवलं.

त्या दिवसापासून काकांच्या ताटात उकडलेला भोपळा आला. तिखट गेलं, मीठ अर्ध्यावर आलं. बादलीला हात लावला की बाई धावत येऊन काढून घेत. खुर्चीत बसले की पाठीशी उशी येई. अक्का तर येता जाता त्यांच्या पोटाकडे बघून सुस्कारे सोडू लागली. काकांनी याचा अर्थ आपल्या परीने लावला. नोकरी संपत आली, बाई हळव्या झाल्या, आता कुठे त्यांना नवऱ्याची खरी किंमत कळायला लागली. काकांची छाती अभिमानाने फुगली, आणि आता इथेही फुगलं का, म्हणून बाई घाबरून बघत राहिल्या.

न्हाणीघराबाहेर अक्का वरचेवर घुटमळते आहे हे लक्षात आल्यावर काका कचेरीतून फोन करू लागले. त्यासाठी त्यांनी टाकीखालची खोली निवडली, जिथे मुख्य वाहिनीचा मोठा व्हॉल्व्ह होता. त्या व्हॉल्व्हमागे त्या वेळी चावीवाला तेल देत बसला होता. चावीवाला म्हणजे लांब लोखंडी चावीने गावाचं पाणी सोडणारा आणि बंद करणारा माणूस. काकांवर त्याची भक्ती होती. आपल्या साहेबांच्या हाताखाली मुख्य वाहिनी फुटलेली नाही, हे तो बायकोच्या माहेरीसुद्धा सांगून आला होता.

"आतला दाब वाढलाय?" काका ओरडत होते. "मग फुटलं तर खालची वस्ती हलवावी लागेल! शुक्रवारपर्यंत धरेल ना? एवढा शुक्रवार निघू द्या हो. आणि बोलू नका कुणाला."

चावीवाल्याच्या अंगाला घाम फुटला. त्याने समोरच्या वाहिनीला हात लावून पाहिला. ती नेहमीसारखीच गार होती, पण आता ती थरथरतेय असं त्याला वाटू लागलं. साहेब मानी माणूस, स्वतःहून सांगायचे नाहीत. त्यांची अब्रू आता आपल्याच हातात आहे, हे त्याने ओळखलं. शुक्रवारी दुपारी काका नवा शर्ट घालून शाळेकडे निघाले आणि चावीवाल्याने मुख्य व्हॉल्व्ह पार बंद करून टाकला. गावातल्या नळांनी एकदा खाकरून माना टाकल्या.

शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. भाषणं झाली, हार झाले. मुख्याध्यापिका बोलायला उभ्या राहिल्या आणि पाणी मागून मागून तसाच कोरडा घसा घेऊन खाली बसल्या. मग काका उठले. तिकिटांचं पाकीट शर्टाच्या आत पोटाशी खोचलेलं होतं. त्यांनी ते दाबून पाहायला हात पोटाशी नेला, तसा पहिल्या रांगेत अक्काने हुंदका दिला.

"मंडळी," काका म्हणाले, "एक गोष्ट मी बरेच दिवस पोटात ठेवलीये. ती आता मला..."

"अहो, बोलू नका. ताण पडेल," म्हणत बाई व्यासपीठावरच त्यांच्याकडे धावल्या. एवढे दिवस धरून ठेवलेला बांध फुटला आणि त्या ढसाढसा रडू लागल्या. बाईंनी सांगून ठेवल्याप्रमाणे डॉक्टर स्ट्रेचर घेऊन वर चढला. काकांना काही उमजायच्या आत ते आडवे झाले होते आणि डॉक्टर उजव्या बाजूला बोटं रुतवून दुखतंय का विचारत होता. दुखत तर होतंच, कारण डॉक्टर दाबतही तसाच होता.

त्याच क्षणी दारातून धापा टाकत चावीवाला आला. साहेब स्ट्रेचरवर! म्हणजे धसका घेतला त्यांनी. तो तसाच गर्दीतून पुढे घुसला.

"काका, घोर लावून घेऊ नका. मी केलाय बंद. आता नाही फुटत."

"काय बंद केलं?" डॉक्टर खवळला. "काय दिलंस तू ह्यांना?"

काका स्ट्रेचरवर उठून बसले. व्यासपीठावर त्यांनी केलेलं हे पहिलंच भाषण, आणि ते अर्धं लवंडून करावं लागलं. बेट, बोट, धूर, लॉजवाला, सगळं भडाभडा बाहेर आलं. सभागृहात आधी मुख्याध्यापिका कोरड्या घशाने हसल्या आणि मग सगळेच हसत सुटले. फक्त बाई हसल्या नाहीत. काकांनी हातात दिलेल्या पाकिटातली तिकिटं काढून त्या उलटसुलट बघत होत्या.

"हे माझ्यासाठी?" त्यांनी विचारलं.

"मग काय अक्कासाठी?" काका म्हणाले आणि स्ट्रेचरवरून खाली उतरले.

या गोड घडीला कुणाचं चावीवाल्याकडे लक्ष नव्हतं. आपण सबंध गाव कोरडं ठेवलंय हे ध्यानात येताच तो आला तसा टाकीकडे पळत सुटला होता. काकांना ते उमगलं तेव्हा त्यांनी मागून हाक मारली, 'हळूहळू सोड रे.' मोठा व्हॉल्व्ह एकदम उघडला की पाणी आत धडका मारतं, हे चावीवाल्याला पाठ होतं. पण माणूस शरमेने भिजलेला असला की पाठ असलेलं आठवत नाही. त्याने सगळे फेरे एका दमात फिरवले.

पाहुणे बाहेर पडत होते, एवढ्यात शाळेच्या फाटकासमोर जमीन घुमली. रस्ता फुगला, त्याला तडा गेला आणि मोठा आवाज होऊन मुख्य वाहिनी फुटली! चिखल, खडी आणि पाणी यांचा एक लोट शाळेच्या कौलांवर गेला आणि तिथून खाली येऊन चारी बाजूंनी उतारावरून वाहू लागला. रुग्णवाहिकेच्या काचा माखल्या. अक्का कोणाच्या तरी छत्रीत शिरली. काका मात्र जागच्या जागी उभे होते. जन्मभराचा मान डोळ्यांदेखत आकाशात उडत होता.

बाई ठेवणीतल्या साडीसकट पुढे गेल्या. त्यांनी तिकिटांची गुंडाळी करून छडीसारखी धरली.

"या सगळे इकडे," त्या मुलांना म्हणाल्या. "हे तोंड. खाली आहे ती नळी. आत दाब साठतो, वाट मिळाली नाही की असा वर येतो. आणि हा चिखल वाहतोय ना, तो लाव्हा समजा."

पहिल्या बाकावरची ती चिमुरडी डोळे विस्फारून बघत होती. "बाई, म्हणजे आता तुम्ही पाहिलात?"

"पाहिला की," बाई म्हणाल्या. "ह्यांनी खास माझ्यासाठी फोडलाय."

त्या शब्दांनी काकांच्या जिवात जीव आला. त्यांनी नव्या शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि खड्ड्यात उतरले. फुटलेली वाहिनी टाकून त्यांना शनिवारच्या बोटीत बसणं शक्य नव्हतं, आणि बाईंनी त्यांच्यावर तसं म्हणायची वेळही येऊ दिली नाही. बोट काय, पुढच्या शनिवारीही सुटते, त्या म्हणाल्या, पण गावाला हा वर्ग पुन्हा कुठे मिळणार!

काका गुडघाभर चिखलात असतानाच लॉजवाल्याचा फोन आला. आज कधी नव्हे तो त्याचा आवाज स्वच्छ होता. तो सांगत होता, की खुशाल या, इकडचा धूरसुद्धा बसलाय, आता फुटायचं नावच नाही.

काकांनी एकदा वर, फाटकाशी मुलांच्या गराड्यात भिजून उभ्या असलेल्या बाईंकडे अभिमानाने पाहिलं आणि सवयीने ओरडून सांगितलं, "फुटायचं ते इकडे फुटून झालं. आता येतो ते नुसता आराम करायला!"

खड्ड्याच्या काठावर छत्रीखाली उभ्या असलेल्या अक्काने तेवढंच ऐकलं. ती मागे वळली आणि शाळेतून निघालेल्या सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात डॉक्टरला म्हणाली, "ऐकलंस ना? फुटलंच ते शेवटी. आण रे ते स्ट्रेचर परत."