धोंडाबाईंच्या अकराव्या पानाची हकीकत

श्रीकृपेंकरून लिहिणाराची लेखणी खोटें न लिहो. शके एकोणीसशे पंधराचे सालीं आणे पठारावरील एका वाडींत साक्षरता वर्गाची मोहीम जाहली, तींत खाशा धोंडाबाई कशा झुंजल्या, तें वर्तमान ऐसें जे:

बाई सात वर्षांच्या असतां गुरुजींनीं पुसिलें, "समजलं का गं?" आणि बाईंनीं कांहींएक न समजतां "व्हय गुर्जी" ऐसा जबाब दिला. मग गुरुजी पुढील धड्यावर कूच करते जाहले आणि बाई मागें राहिल्या, त्या पन्नास वर्षें राहिल्या. तो सवाल मात्र कानांतून हलला नाहीं.

मग मारुतीचे देवळीं दुपारचे प्रहरीं वर्ग बसला. मास्तरीण वृषाली, उमर वीस, आणि पाटी-पेन्सिलीनिशीं बारा बायकांची फौज. धोंडाबाई जात्यावरील ओव्यांत मातब्बर. एकदां ऐकिलें तें जन्माचें पाठ. त्यांनीं अवघें पुस्तक कानांनींच काबीज केलें आणि ओळीवरून बोट फिरवीत, नेमके जागीं पान उलटीत ऐशा वाचूं लागल्या कीं मास्तरीण बहुत खूष जाहली. 'क' कोणता, हें बाईंस ठाऊक नव्हतें. रोज "मावशी, समजलं?" आणि रोज "व्हय गं पोरी."

इतक्यांत खबर आली कीं तालुक्याचे साहेब शनिवारीं तपासणीस येणार, बायका पास होतांच वाडीस 'संपूर्ण साक्षर' फलक लागणार आणि वर्ग बरखास्त होणार. बाईंनीं मनांत हिशेब केला: पास होऊन जन्मभर कोरें राहणें आलें.

शनिवारीं साहेब जीपगाडीसह दाखल जाहले, नारळ फुटला आणि हुकूम सुटला कीं धोंडाबाईंनींच प्रथम वाचावें. बाईंनीं दहावें पान जिंकिलें, अकरावें जिंकिलें, बोट सरसर चाललें. साहेब मागून वांकून पाहतात तों पुस्तकांत दहाव्यापुढें एकदम तेरावें. अकरावें पान गेलें कोठें, ऐसी चौकशी जाहली.

वर्गांतील सरूबाई धोंडाबाईंकडे बोट दाखवून वदल्या, "तिच्या शेळीनं खाल्लं सकाळी. ती बी साक्षर झाली आसंल, तिलाबी पास करा."

सभा खदखदली, साहेबही हंसले. पाठांतर तर पाठांतर म्हणोन त्यांनीं 'उत्तीर्ण' लिहावयास लेखणी उचलिली. मास्तरीण खालीं मान घालून उभी. मग धोंडाबाईंनीं त्या लेखणीवरच हात ठेविला.

फलक लागला नाहीं, वर्ग आणखी सहा मास चालला, आणि मोहीम फत्ते पावली. ज्या शब्दांनीं पावली, ते बोलिले तैसेच येथें दाखल केले असेत:

"साहेब, मला वाचता येत न्हाई. गुर्जींना म्हनायचं व्हतं, ते तवाच ऱ्हायलं. मला न्हाई समजलं. पुन्यांदा सांगा."