वानखेडे काकांचा स्वीडिश राजा

"गुस्ताव्हची दाढ आयुष्यभर छळत होती त्याला," वानखेडे काका मला लिफ्टमध्ये म्हणाले. सिंगापुरात बुकित पंजांगच्या या इमारतीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. गुस्ताव्ह म्हणजे काकांच्या ऑफिसातला कोणी गोरा साहेब असणार, असं मी धरून चालले.

"मग डेंटिस्टकडे का नाही जात ते?" मी विचारलं.

"डेंटिस्ट? अगं, साडेचारशेच्या वर वर्षं झाली त्याला जाऊन!"

आमची ओळख झाली ती अशी. काका मूळचे नागपूरचे. हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत इंजिनिअर होते, आता निवृत्त. काकू वारल्यापासून चौदाव्या मजल्यावर, आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात. म्हणजे कागदोपत्री एकटे. एरवी घरात गुस्ताव्ह वासा, सोळाव्या शतकातला स्वीडनचा राजा, असतोच.

हा राजा शेतकऱ्यांना पत्रं लिहायचा म्हणे. गवत कधी कापा, गाई कशा सांभाळा, सगळं दामटून सांगायचा. काकांनी तो गुण उचलला. आमच्या दाराखालून त्यांच्या सुबक अक्षरातली पत्रं सरकत येतात. 'चि. मेधा, ओले कपडे खिडकीबाहेरच्या बांबूवर घालताना जड कपडा भिंतीकडे असावा.' खाली सही, आणि तारीखसुद्धा. माझ्या नवऱ्याला, मंदारला, फोडणी करपल्याबद्दल दोन पानी पत्र आलं होतं. खालच्या कॉफीवाल्या अंकलना त्यांनी साखरेबद्दल इंग्रजीत लिहिलं. अंकलनी ते गल्ल्यामागे चिकटवून ठेवलंय. काका दिसले की ते इथल्या ढंगात ओरडतात, "किंग इज हियर, लाह!"

कुठं काही बिनसलं की काकांचं एक वाक्य ठरलेलं, "आमच्या गुस्ताव्हनं हे चालवून नसतं घेतलं!" एलआरटीची गाडी बंद पडली तरी तेच आणि शेजारच्यांनी जिन्यात चपला काढल्या तरी तेच.

इथल्या मराठी मंडळींच्या बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात त्यांना पाच मिनिटं बोलायला दिली होती. त्यांनी सुरुवात स्टॉकहोमपासून केली. डॅनिश राजानं गुस्ताव्हच्या बापाचं मुंडकं कसं उडवलं, पोरगा गड्याचे कपडे घालून कोणाच्या कोठारात धान्य कसं झोडपत राहिला, तोच पुढं राजा कसा झाला आणि पोपची सत्ता झुगारून चर्च त्यानं आपल्या हाताखाली कसं आणलं. "आणि धर्मग्रंथ लोकांच्या भाषेत आला! कळणाऱ्या भाषेत!" इथं त्यांचा आवाज चढला. माझ्या शेजारच्या आजींनी मान डोलावली. त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली होती. त्यांना त्यातलं काहीतरी नक्की पोचलं. पण मग काका चर्चच्या घंटांवर आले. राजानं गावोगावच्या घंटा उतरवून नेल्या, त्यावरून ज्या शेतकऱ्यांनी त्याला राजा केलं तेच उलटले. हे होईस्तोवर चाळीस मिनिटं झाली आणि पुलाव गार झाला.

पुढच्या कार्यक्रमाच्या वेळी मंडळींनी मला पुढं केलं. "काका, यंदा गुस्ताव्ह नको," मी म्हणाले. जमेल तितकं हसत म्हणाले.

"बरं," काका म्हणाले. 

त्यानंतर तीन आठवडे त्यांनी राजाचं नाव काढलं नाही. पत्रंही थांबली. पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात मी मुद्दाम ओला टॉवेल बांबूच्या टोकाला घातला. दाराखालून काही आलं नाही.

मग एका शनिवारी ते आमच्याकडे जेवायला येणार होते. दीड वाजला, तीन वाजले. फोन लागेना. कॉफीवाले अंकल म्हणाले, सकाळीच पाठीला पिशवी लावून निघाले, पुलाउ उबीनला जातो म्हणाले. बेटावर, या वयात, एकटे! मी आणि मंदार टॅक्सीनं चांगीच्या धक्क्यावर गेलो आणि मिळाली ती बोट पकडली. 'तूच म्हणालीस ना त्यांना' असं तो म्हणेल, याची मी वाट पाहत होते.

उबीनच्या धक्क्यावर सायकली भाड्यानं देणाऱ्यानं हात केला. "ओल्ड मॅन? मकचिकच्या घरी."

लाकडी खांबांवरचं जुनं घर. ओट्यावर ती मकचिक, म्हणजे एक मलाय आजी, नारळ खवत बसली होती. शेजारी काका, सुजलेला पाय पाटावर, मांडीवर ओला बंद फोन. उतारावर सायकल घसरून चरात पडले होते. आणि मोडक्यातोडक्या मलायमध्ये, अधूनमधून इंग्रजी घालत, हातवारे करत, ते तिला गुस्ताव्ह सांगत होते.

"...शेतकरी म्हणाले, नाही. आम्ही नाही येत तुझ्याबरोबर. मग तो निघाला, बर्फातून, एकटाच."

मला रडू आवरेना. "मग काय झालं, काका?"

त्यांनी वर पाहिलं. माझ्याकडे, मग मंदारकडे. "मग त्यांना चूक कळली," ते मराठीत म्हणाले. "त्याला परत आणायला दोघांना धाडलं." आणि मोठ्यानं हसले. आजीला काही कळलं नाही, पण तीही हसली.

मी माफी मागणार, तेवढ्यात त्यांनी हात पुढं केला. "आधी तुझा फोन दे. पाच वाजत आले."

परतीच्या बोटीत त्यांनी नंबर लावला. पडद्यावर नऊ-दहा वर्षांची मुलगी आली. त्यांची नात, लीना. काकांची मुलगी स्वीडनला असते हे मला ठाऊक होतं. बाकीचं काकांनी फोन लागेपर्यंत, समुद्राकडे बघत सांगितलं होतं. लीनाला मराठी येत नाही. दर शनिवारी पाच वाजता फोनवर 'हॅलो आजोबा, बाय आजोबा' व्हायचं. मग तिला शाळेत हा राजा अभ्यासाला आला आणि ती पहिल्यांदा वीस मिनिटं बोलली. काकांनी वाचनालयात मिळालं ते सगळं वाचून काढलं. आज उबीनला आले होते, ते तिला शेतकऱ्याच्या जुन्या घराचे फोटो दाखवायला.

"आजोबा," लीना म्हणाली, "वुई आर डन विथ गुस्ताव्ह! नाऊ वुई हॅव व्होल्केनोज!"

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"व्होल्केनोज!" ते म्हणाले. "वंडरफुल! नेक्स्ट सॅटरडे, यू आस्क मी एनीथिंग!"

फोन ठेवून ते मंदारकडे वळले.

"वाचनालय किती वाजेपर्यंत उघडं असतं रे?"

"नऊ," मंदार म्हणाला. "पण आधी डॉक्टर."

"हो, हो," काका म्हणाले, "पण डॉक्टरला म्हणावं, लवकर आटप."