काजरसड्यावरच्या अकरा फेऱ्या

मोटार शर्यतीबद्दल मला सगळं ठाऊक आहे. ब्रेक वळणाआधी लावायचा, वळणात नाही. नजर चाकापुढे नाही, पुढच्या वळणावर ठेवायची. हायस्कुलाच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला सगळंच ठाऊक असतं! फक्त त्यातलं काही करून पाहिलेलं नसतं.

आमचा शेजारी आत्माराम पंच्याऐंशीच्या दिवाळीत मुंबईहून कायमचा गावी आला. तिथे तो एका गॅरेजात हेड मेकॅनिक होता. त्याचे पारशी शेठ परदेशी स्थायिक व्हायला निघाले, तेव्हा त्यांनी आपली जुनी लाल स्पोर्ट्स कार त्याला भेट दिली. दोघांपुरती, बिनछपराची आणि इतकी बुटकी, की आत बसताना आपण पिंपात उतरतोय असं वाटावं. रत्नागिरीच्या रस्त्यावर एसटीच्या ड्रायव्हरला ती दिसतच नसे.

एका संध्याकाळी आत्मारामनं सांगितलं, की मद्रासकडे हौशी लोक रविवारी आपापल्या गाड्या जुन्या धावपट्टीवर नेतात आणि नुसत्या फेऱ्या मारतात. बक्षीस नाही, काही नाही. घड्याळ लावायचं आणि आपलीच मागची वेळ मोडायची. मी भरात येऊन म्हणालो, की याबद्दल मी बरंच वाचलंय. तो म्हणाला, मग चालव.

मी सुपारी कातरता कातरता हो म्हणून गेलो. दमयंती, म्हणजे आमची सौभाग्यवती, आतून एवढंच म्हणाली, "अहो, सायकलवरून उतरताना अजून तुम्हाला खांब लागतो."

ते खरंच होतं.

आमच्या गावामागे काजरसडा आहे. मैलभर सपाट कातळ, त्यावर वाळलेलं गवत आणि एका टोकाला एकुलता एक आंबा. पश्चिमेला सड्याची कड, कडेखाली थेट खाडी. आत्मारामनं त्यावर फेरीचा मार्ग आखला. प्रत्येक वळणावर जांभ्या दगडाचा एक चिरा उभा केला, असे सहा. धुरळ्यातही दिसावेत म्हणून त्यांना त्याच्या फाटकाचा उरलेला शेंदरी ऑइलपेंट फासला. नियम सोपा होता. दगड दिसला की तिथे डावीकडे वळायचं आणि पुढच्या दगडाकडे जायचं. दगडांची ओळ सोडून बाहेर जायचं नाही, कारण बाहेर कड. पहिला दगड आंब्याखाली, आणि तिथे आत्माराम घड्याळ घेऊन उभा.

चार रविवार गेले. एकदाही माझी फेरी पूर्ण झाली नाही. कधी तिसऱ्या दगडाशी इंजिन बंद, कधी पाचव्याशी. एकदा समोर म्हैस आली आणि मी तिला वाट द्यायला थांबलो, तर ती तिथेच बसली. गाडीचा स्टार्टर गेलेला, त्यामुळे बंद पडली की आत्मारामनं सडाभर चालत यायचं आणि ढकलायचं. तो मला कधी बोलला नाही. त्यानं मला जास्तच वाईट वाटे.

आणि मग कळलं, की आत्मारामनं गाडी विकली, बुधवारी कोल्हापूरचे एक गृहस्थ येऊन ती घेऊन जाणार. म्हणजे उरला एकच रविवार. मला वेळ मोडायची नव्हती, कुणाला हरवायचं नव्हतं. बासष्ट वर्षांत वाचनाखेरीज कुठलीच गोष्ट मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता केली नव्हती. मला एक फेरी हवी होती. पूर्ण. एकच!

त्या रविवारी सकाळी सड्यावर असं धुकं उतरलं, की आपला हात आपला आहे हे अंदाजानं ठरवावं लागत होतं. मोहर करपेल म्हणून आंबेवाले ज्याच्या नावानं बोटं मोडतात, असलं जानेवारीचं धुकं. आत्माराम म्हणाला, राहू दे. मी म्हणालो, नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाला ठामपणे नाही म्हणालो असेन, आणि तेही चुकीच्या वेळी.

त्यानं नेहमीप्रमाणे वरच्या उतारावरून गाडी ढकलली. हा उतार दुसऱ्या दगडापाशी उतरतो. सुटताना तो कानाशी म्हणाला, "बापू, काही झालं तरी इंजिन बंद पडू देऊ नकोस. या धुक्यात तू मला सापडायचा नाहीस."

मग तो आंब्याकडे चालत गेला आणि मी दुसऱ्या दगडाकडे.

दगड दिसला. त्याच्या डोक्यावर जास्वंदीचं फूल होतं.

मी वळलो. तिसऱ्या दगडासमोर नारळ फुटलेला, आणि उदबत्तीचा धूर धुक्यात मिसळत होता. म्हणजे आत्ताच कुणीतरी लावली होती. पण माणूस नाही, आवाज नाही. चौथ्याला हळदकुंकू. मी गाडी हाकत राहिलो. दगडामागून दगड आले. आता आंबा येईल, आत्माराम दिसेल, फेरी पूर्ण होईल, म्हणून मी पुढे वाकून बघत होतो.

शेंदरी दगड आला. आंबा नव्हता. आत्माराम नव्हता. मी डावीकडे वळलो, आणि समोर तेच जास्वंदीचं फूल!

म्हटलं, मोजण्यात चुकलो. पुन्हा फिरलो. या खेपेला मोठ्यानं मोजत. एक, दोन, तीन... सात. आम्ही लावले होते सहा. आंबा नव्हताच.

एवढ्यात उजवीकडून अस्पष्ट हाक आली, "बापू!" थोड्या वेळानं तीच हाक मागून आली. मग डावीकडून. आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं, की धुक्यात आलेल्या हाकेला ओ द्यायची नाही. मी दिली नाही. मला चकवा लागला होता. चकवा माणसाला एकाच जागी गोल गोल फिरवतो, दमवतो आणि शेवटी कडेला नेतो. चौतीस वर्षं विज्ञानाची पुस्तकं मुलांच्या हातात कोंबणारा मी, पुटपुटलो, सड्याच्या राखणदारा, चुकलं असेल तर पदरात घे.

थांबावं तर इंजिन बंद पडणार. दगड सोडावेत तर कड. मग उपाय आठवला. चकवा लागला की अंगातला कपडा उलटा करून घालायचा.

दमयंतीनं विणलेला घट्ट गळ्याचा स्वेटर चालत्या गाडीत एका हातानं काढून पाहा! तो कानापर्यंत आला आणि तिथेच अडला. हात वर, डोकं आत, विणीच्या भोकांतून पुसटसा शेंदरी ठिपका दिसतोय, गाडी पळतेय. पाय घाबरून ॲक्सिलरेटरवर दाबला गेला होता. त्या फेरीइतका वेग मी आधी घेतला नव्हता आणि नंतर तर प्रश्नच नाही. कुठूनतरी बाईची किंकाळी ऐकू आली. चकव्याचं हेही रूप असतं, असं मी कुठेतरी वाचलेलं होतं.

अखेर स्वेटर उलटा झाला. उपयोग काही झाला नाही. मी फिरत राहिलो. मग इंजिन दोनदा खोकलं आणि पेट्रोल संपलं. गाडी एका दगडासमोर अलगद थांबली. इतकी शांतता मी ग्रंथालयातही ऐकली नव्हती.

हळूहळू उजेड आला, धुकं विरळ झालं. दगडापलीकडे दोन माणसं पालथी पडली होती. खालच्या वाडीची म्हातारी काशी आणि तिचा दीर धोंडू. काशीनं मान वर केली. थोडा वेळ माझ्याकडे, मग माझ्या उलट्या स्वेटरकडे बघितलं.

"कोन तू?" तिनं विचारलं.

खरं सांगतो, मला स्वतःलाच खात्री नव्हती.

"मी... हायस्कुलातला बापू."

"मगाशी तुला डोकं नव्हतं," धोंडू म्हणाला.

मग आत्माराम धापा टाकत आला आणि सगळा उलगडा झाला. गेल्या सोमवारी लाकडं आणायला आलेल्या काशीला सड्यावर शेंदूर लावलेले दगड दिसले. देव आपणहून वर आले! वाडीनं पूजा सुरू केली. आंब्याखालच्या दगडाशी गुरं बसायची, देवाला विटाळ नको म्हणून त्यांनी तो उचलून आत, सड्याच्या मध्यावर नेऊन ठेवला. त्यामुळे माझी फेरी आंब्याला वगळून आतल्या आत बंद झाली होती. बिचारा आत्माराम आंब्याखाली दगड नाही हे बघून तिथूनच मला हाका मारत होता; दिशा बदलत होत्या त्या माझ्या.

त्यानं घड्याळ लावलंच नव्हतं. म्हणजे माझ्या फेरीला साक्षीदार कुणी नाही. मी गाडीतच मान खाली घालून बसून राहिलो. तेव्हा काशीनं पदराची गाठ सोडली आणि त्यातले खडे माझ्यासमोर कातळावर ठेवले. देवाला कुणीही प्रदक्षिणा घातली की आमच्याकडची माणसं आपसूक मोजतात.

"अकरा झाल्या," ती म्हणाली. "एकदापन थांबला नाय."

अकरा!

बुधवारी गाडी गेली. जाण्याआधी मी काशीला विचारलं, की दगड आम्ही सहा लावले, तुम्ही त्यांतला एक हलवला, मग मी सात कसे मोजले? आणखी एक कुणी ठेवला का? ती म्हणाली, कुणीच नाही. मग मीच आत्मारामबरोबर जाऊन दोनदा मोजले. सहाच भरले.

आता सड्याखालून जाताना एसटीतली माणसं हात जोडतात. परवा कंडक्टरनं मलाच समजावलं, की इथे धुक्यात एक लाल रथ फिरतो आणि हाकणाऱ्याला डोकं नसतं. मला डोकं आहे, हे त्याला सांगायचा धीर मला झाला नाही. घरी येऊन दमयंतीला सांगितलं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, की कंडक्टरचं काही फारसं चुकलेलं नाही.