इतिहास सोडल्याचा अर्ज

आमच्या गावच्या शाळेत नववीला मूल जो विषय सोडतं, तो अख्ख्या घराला सोडावा लागतो. यात नवीन काही नाही. शेजारच्या इंदुताई चौगुल्यांच्या नातवानं गेल्या वर्षी भूगोल सोडला. तेव्हापासून त्यांच्या घरचं माणूस बाजाराला निघालं की आम्ही कुणीतरी हात धरून नेतो आणि परत आणून सोडतो. शेजारधर्म आहे, करायचा.

आज आमची पाळी. शाळेचे कारकून रेंदाळकर तीन वाजता अर्ज घेऊन आले आणि खुर्चीत बसले ते बसलेच. गणित, इतिहास, भूगोल यांतला एक सोडायचा, घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांनी सह्या करायच्या आणि पाचच्या आत अर्ज द्यायचा. पाच चुकले तर मूल परत आठवीत. आत्ता चार वाजून दहा मिनिटं झालीत. सही राहिलीय ती फक्त माझी, म्हणून मी हे लिहीत बसलेय. मला कुणी घाई केलेली खपत नाही.

भूगोल सोडता येत नाही, कारण माझा भाऊ भानुदास एसटी चालवतो. त्याची बायको नलिनी ब्लाऊज शिवते, तिला मापांसाठी गणित लागतं. आणि त्यांची मुक्ता, जिचा हा अर्ज, ती तर जेवताना ताटात बोटानं गणितं सोडवते. असली पोर आमच्या सात पिढ्यांत झाली नाही. राहिला इतिहास.

“अक्का, आपला असा कुठला मोठा इतिहास लागून गेलाय?” भानुदास माझ्याकडे न बघता म्हणाला. मेल्याला चांगलं माहीत आहे.

“नेमकं काय काय जातं?” मी रेंदाळकरांना विचारलं.

“समोर आहे ते राहतं, बाई. होऊन गेलेलं जातं.”

“आणि माणसं?”

“हयात माणसं राहतात.”

“हयात नसलेली?”

त्यांनी बशी खाली ठेवली. “ती होऊन गेलेल्यात धरतात.”

“एखादं माणूस ठेवून घेता येत नाही?”

“तशी तरतूद नाही. एका आजोबांनी विनंती अर्ज केला होता. कुणासाठी केला होता, ते नंतर त्यांनाच सांगता येईना.”

आमचे हे जाऊन अकरा वर्षं झाली. मला पोर नाही, जमीनजुमला नाही. चप्पल काढायच्या आधी उंबऱ्यातूनच “जेवलीस का?” म्हणून विचारणारा एक माणूस होता, सकाळी दहाला आला तरी तेच विचारायचा. मी चिडायची. माझ्या नावावर म्हणाल तर एवढंच आहे, आणि ते मला सोडवत नाही. स्पष्टच लिहिते.

मग मुक्ता उठली. “काका, अर्ज बदला. मी गणित सोडते.”

नलिनीचं मशीन थांबलं. रेंदाळकरांनी कोरा अर्ज काढायला पिशवीत हात घातला, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

“पिशवी बंद करा आधी! आणि तू गं, फार शहाणी झालीस?”

“आत्या, तू रात्री त्यांच्याशी बोलतेस. मला ऐकू येतं.”

“तू माझ्यापायी गणित सोडलंस, तर मी त्यांना आठवीन आणि समोर तुझं तोंड बघीन. माझ्यानं व्हायचं नाही ते. गप बस.”

पण गप बस म्हणून झालं, तरी सही काही होईना. साडेचारला मी परसात जाऊन भिंतीवरून इंदुताईंना हाक मारली. भूगोल नसला तरी इतिहास त्यांच्याकडे आहे.

“सगळं नाही,” मी म्हटलं. “विरजणापुरतं तरी ठेवा तुमच्याकडे.”

आणि सव्वीस वर्षांचा संसार मी पंधरा मिनिटांत भिंतीपलीकडे दिला. भराभरा, मागचंपुढचं न बघता. चांगलं दिलं, भांडणंही दिली. रडले मी, खोटं कशाला बोलू? इंदुताई म्हणाल्या, “अहो, एवढं माझ्या ध्यानात कसं राहायचं?”

“राहील तेवढं राहू द्या.”

आता पाचला दहा कमी आहेत. रेंदाळकर म्हणतात, ही पानंही अर्जाला जोडावी लागतील, होऊन गेलेलं घरात ठेवता येत नाही. जोडा म्हटलं. मुक्ता दारात सायकल धरून उभी आहे. करते सही.

*

मुक्तानं मला कोरा कागद दिलाय. म्हणते, आत्या, जे चाललंय ते लिही.

तर मुक्ता गणितं करतेय. नलिनी मशीनवर आहे. माझे डोळे सुजलेत, का ते कळत नाही. शेजारच्या इंदुताई भिंत धरून धरून आल्या आहेत आणि एका गृहस्थांबद्दल सांगताहेत. बायको तापानं फणफणली म्हणून त्यांनी पुरणाचा घाट घातला, कारण तिला पोळी आवडते. पुरण इतकं पातळ झालं की दोघांनी वाटीत घेऊन प्यायलं.

मला हसू आवरत नाही. “बायको नशिबाची आहे हो,” मी म्हणते.

इंदुताई पदरानं डोळे पुसतात. मुक्ताची पेन्सिल थांबलीय.

“एकदा घेऊन या की त्यांना,” मी म्हणते. “मला बघायचंय.”

इंदुताई मुक्ताकडे बघतात आणि हो म्हणतात.